बत्तीसची सोळा

त्या लग्नाची फिल्म एका ठरावीक जागी आली की माझं सॉफ्टवेअर मान टाकायचं. अंधेरीच्या गावठाणातलं ख्रिस्ती कुटुंब. लग्नाआधी विहिरीवरून पाणी आणायचा त्यांचा जुना रिवाज आहे. बँड वाजतोय, बायका लुगडी नेसून नाचतायत, आणि नवरीची आजी घागर घेऊन कॅमेऱ्याकडे वळते. ती वळली की चित्र गोठायचं आणि पाटी यायची, मेमरी कमी पडतेय, काम सेव्ह करा. सेव्ह करायला जावं तर सगळंच बंद.

मी मुलुंडला घरीच एडिटिंग करते. शूटिंग दुसऱ्यांचं, कापाकापी माझी. बेडरूमच्या खिडकीजवळ टेबल, त्यावर दोन स्क्रीन, खाली पायाशी मशीन. पंधरा वर्षं हे काम केल्यावर सॉफ्टवेअर बंद पडलं म्हणून माणूस घाबरत नाही, पण वैतागतो जरूर.

मेमरी हा शब्द आपल्याकडे मोबाइलने नासवला आहे. मेमरी फुल म्हणजे फोटो उडवा, एवढंच लोकांना ठाऊक. नवरा म्हणाला, "अगं, जुनं काहीतरी डिलीट कर ना." नवरीच्या आईला उशीर होईल म्हणून फोन केला तर तीही तेच म्हणाली, "भरली असंल गो मेमरी. जुना काय तरी उडव." माझ्या डिस्कवर जुनं म्हणजे तिच्याच मुलीचा साखरपुडा होता. तिला मी सांगायचा प्रयत्न केला की डिस्क म्हणजे फडताळ आणि ही मेमरी, म्हणजे रॅम, म्हणजे ओटा. फडताळ कितीही मोकळं असलं तरी ओट्यावर जागा नसेल तर पोळ्या लाटणार कुठे? ती म्हणाली, "मग ओटा पूस."

ओटा पुसण्याचे जेवढे प्रकार मला येतात तेवढे मी केले. सॉफ्टवेअरने साठवलेला कचरा काढून टाकला. चित्रं हलक्या प्रतीत बदलून घेतली. ब्राउझर बंद, गाणी बंद, सगळं बंद. फिल्मचे तीन तुकडे करून एकेक उघडून पाहिला. पहिला तुकडा ठीक, तिसरा ठीक, आणि मधल्यात आजी वळली की पुन्हा पाटी. दोन दिवस असे गेल्यावर आम्हा एडिटर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी विचारलं. एकाने लिहिलं, "आधी मशीन रॅम किती दाखवते ते बघा. सर्व्हिसिंगला येणारे आजकाल हात मारतात."

मी बघितलं. सोळा जीबी. माझ्याकडे बत्तीस होती, सोळाच्या दोन पट्ट्या. वितीहून लहान हिरवी पट्टी, खिशात टाकली तर कळणारही नाही.

मी संशयी आहे, हे मला कोणी सांगावं लागत नाही. भाजीवाल्याच्या काट्याकडे मी भाजीपेक्षा जास्त बघते. सिलिंडर आला की सील तपासते, आणि आणणाऱ्यासमोर तपासते, म्हणजे त्यालाही कळावं. रिक्षा ओळखीच्या वळणावर वळली नाही तर माझा पाय लगेच ताठ होतो. याचा मला आजवर फायदाच झाला आहे, असं मी सगळ्यांना सांगते. कितीदा फायदा झाला ते मात्र कोणी विचारलं तर आठवावं लागेल.

मशीन उघडणारा माणूस एकच होता. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहणारा, पस्तिशीतला, मितभाषी. त्याला दुकान नव्हतं. एका एडिटरने दुसऱ्याला सांगितलेलं नाव, हेच त्याचं दुकान. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत घराघरांतली मशीनं तो सांभाळायचा, आणि लोक घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून त्याला काम करू द्यायचे. तीन आठवड्यांपूर्वी तो माझ्याकडे साफसफाईला येऊन गेला होता. तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले होते.

ती दहा मिनिटं मी मनात पुढेमागे करून पाहायला लागले. एडिटरची खोड ती. मी बाहेर आले तेव्हा त्याची बॅग बंद होती. का बंद होती? काम चालू असताना बॅग उघडी असायला नको? त्याने चहा घाईने प्यायला. नजर वर केली नाही. जाताना म्हणाला, "आता वर्षभर बघायला नको, ताई." हे तर सरळसरळ मला गाफील ठेवण्यासाठी होतं. एरवी साधी वाटलेली एकेक गोष्ट त्या दिवशी पुरावा होऊन समोर आली, आणि मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे कबूल करते.

नवरा म्हणाला, "आधी त्याला विचार तरी."

"विचारलं तर हो म्हणणार आहे का तो?"

"अगं, पण नक्की नाही ना?"

"बत्तीसची सोळा झाली. अजून काय नक्की पाहिजे तुला?"

मी ग्रुपवर मेसेज टाकला. नाव घेतलं नाही. "घाटकोपरहून घरी येऊन मशीन साफ करणारे, निळी बॅग, कमी बोलणारे, यांच्यापासून सावध. माझी अर्धी रॅम गेली." नाव घेतलं नाही म्हणून मी फार सभ्य, असं मला वाटलं. तासाभरात तिघांनी लिहिलं, आम्हीही आमची तपासतो. एकाने लिहिलं, मला तो पहिल्यापासूनच गप्प गप्प वाटायचा. कोणीतरी मेसेज ठाण्याच्या ग्रुपवर पाठवला, कोणीतरी आणखी कुठे. माझा मेसेज दुसऱ्या दिवशी माझ्याच मावसभावाने मला पाठवला, वर लिहून, "बघ हां, तुझ्या लाइनमधलं आहे."

मग मी त्याला फोन केला. गोड आवाजात. "मशीन जरा अडकतेय हो, रविवारी दुपारी येऊन बघता का?" माझा बेत सरळ होता. मशीन त्याच्याच हाताने उघडायला लावायची, रिकामी जागा त्याच्याच तोंडाने वदवायची. नवऱ्याला सांगून ठेवलं की रविवारी घराबाहेर पडायचं नाही. फोनवर मी त्याला तुम्ही म्हणत होते आणि फोन ठेवल्यावर तो म्हणत होते. मुलुंडचाच एखादा चष्मेवाला इंजिनियर येऊन मशीन उघडून गेला असता, तर मी आधी कंपनीला मेल केली असती, पट्टी खराब झाली असेल म्हटलं असतं. त्याच्या बाबतीत पट्टी खराब होऊ शकते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या पत्त्यानेच माझी खात्री पटली होती.

तो आला. चपला दाराबाहेर काढल्या. नवरा सोफ्यावर पेपर उलटा धरून बसल्यासारखा बसला होता. मी चहाचं विचारलं नाही, कारण या वेळी मी जागची हलणार नव्हते.

त्याने जुना पेपर मागून जमिनीवर पसरला. मग म्हणाला, "ताई, आधी मोबाइल काढा. व्हिडिओ चालू करा, मग मी हात लावतो."

"कशाला?"

"आता सगळीकडे असंच करतो. कोणीतरी माझ्याबद्दल ग्रुपवर लिहिलंय." त्याने मान खाली घालूनच सांगितलं. "भांडुपच्या एका स्टुडिओने तर समोर माणूस बसवला होता, माझ्या हातांकडे बघायला. दोघांनी बोलावणंच बंद केलं. तुम्ही बोलावलंत, बरं वाटलं."

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. मोबाइल काढला, चालू केला. त्याने निळी बॅग पेपरवर पूर्ण रिकामी केली. पेचकस, ब्रश, एक बाटली, फडकं, शाळेतल्या पोरांचं असतं तसं खोडरबर, जेवणाचा डबा. डब्याचंही झाकण उघडून दाखवलं. भेंडीची भाजी होती. शर्टाचे खिसे बाहेर काढले, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळल्या आणि दोन्ही तळवे मोबाइलसमोर धरले, आधी आतून, मग बाहेरून. पंधरा वर्षं मी नवरीच्या मेंदीचे हात कापत आले आहे, जोडत आले आहे. हे हात बघताना मला मोबाइल खाली ठेवावासा वाटला. पण तेव्हाही मला वाटत होतं, हे नाटकही असू शकतं.

त्याने बाजूचं झाकण काढलं आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. पट्ट्या दोन होत्या. दोन्ही तिथेच. मी वाकून पुन्हा मोजल्या, दोनाच्या पुढे मोजण्यासारखं काही नसताना.

"ही नीट बसलेली नाही," तो म्हणाला. "इकडची खिट्टी उघडी आहे. मशीनला दिसतच नाहीये ही. मी गेल्यावर कोणी उघडलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुमच्याशिवाय कोणीच हात लावलेला नाही." माझा आवाज धारदार होता. म्हणजे चोरी नाही तर निष्काळजीपणा तरी त्याच्या नावावर लावायचाच होता मला.

त्याने पट्टी काढली, उजेडात धरली, उलटी केली. मग माझ्यासमोर धरून हळूच विचारलं, "ताई, हे कुंकू आहे का?"

पट्टीच्या कडेला लाल बोट उमटलं होतं. वाळलेलं, थोडी हळदही मिसळलेलं. बोट कुणाचं ते सांगायला पोलीस नको होते.

खंडेनवमी. माझे वडील भांडुपला कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला मशीन नुसती वरून पुसायची नाही, उघडून साफ करायची आणि मगच पूजा, असं ते म्हणायचे, आणि मी दरवर्षी ते पाळते. तो येऊन गेल्यावर दहा-बारा दिवसांनीच खंडेनवमी आली. मी झाकण काढलं, ब्रशने धूळ काढली, पट्ट्या उपसून त्याने दाखवल्याप्रमाणे त्यांच्या सोनेरी कडांवर खोडरबर फिरवलं, परत बसवल्या. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, उदबत्ती. आतल्या पंख्याच्या चौकटीलाही एक बोट लावलं. एक पट्टी दाबताना खट्ट आवाज झाला, दुसरीचा झाला की नाही याकडे लक्ष नव्हतं, कारण आत शिरा लागत होता. आणि कोणी उघडलं का, असं विचारल्यावर मला यातलं काहीही आठवलं नाही. मी खोटं बोलले नव्हते. माझ्या लेखी ते उघडणं नव्हतंच. ती पूजा होती.

त्याने कुंकू पुसलं, कडा घासली, पट्टी जागेवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट्ट. मशीन सुरू केली. बत्तीस. त्याच्या सांगण्यावरून मी ती फिल्म उघडली. आजी वळली, घागर सावरत हसली आणि पुढे चालू लागली. इतके दिवस पाटीमागे अडकलेलं ते हसू मी पहिल्यांदा पूर्ण बघितलं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

"तो मेसेज मी टाकला होता," मी म्हणाले.

सोफ्यावरचा पेपर खाली आला. तो झाकण हातात घेऊन उभा होता. मला वाटलं ओरडेल, निघून जाईल. ओरडला असता तर मला बरं झालं असतं.

"रेकॉर्डिंग बंद करू नका," तो म्हणाला. "झाकण लावायचंय अजून."

चारही स्क्रू त्याने एकेक करून लावले. सामान एकेक करून दाखवत बॅगेत भरलं. तळवे पुन्हा दाखवले. मग म्हणाला, "आता बंद करा. आणि हा मला पाठवा."

मी माफी मागितली. नवऱ्यानेही मागितली, त्याची काही चूक नसताना. त्याने "ठीक आहे" म्हटलं, पण खरंच ठीक असताना माणूस ज्या आवाजात ठीक आहे म्हणतो त्या आवाजात नाही. पाणी विचारलं तर नको म्हणाला. जिना उतरताना त्याच्या पावलांचा आवाज येत होता आणि मी दारातच उभी होते. मला इतकी लाज माझ्या आठवणीत कधी वाटली नव्हती.

व्हिडिओ त्याला पाठवण्याआधी मी तो मोठ्या स्क्रीनवर लावला. मधोमध माझा आवाज होता, धारदार, स्पष्ट : तुमच्याशिवाय कोणीच हात लावलेला नाही. तेवढं वाक्य काढायला मला दोन क्लिक पुरतात. खालचा आवाज दाबून वर पंख्याचा घुं घुं टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. माझा हात माउसवर गेलाही होता. मग मी काहीच न कापता तो त्याला पाठवला, आणि ग्रुपवरही टाकला, खाली लिहून की चूक माझी होती, पट्टी मीच नीट बसवली नव्हती, आधीचा मेसेज जिथे जिथे पाठवला असेल तिथे तिथे हा पाठवा.

चार जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकाने विचारलं, मॅडम, स्क्रीन कुठली वापरता? व्हिडिओ पुढे कोणी पाठवला की नाही ते मला कळलं नाही. मावसभावाकडून तरी तो परत आला नाही.

या मे महिन्यात मशीनचा पंखा आवाज करायला लागला, म्हणून मी त्याला फोन केला. येईल की नाही, खात्री नव्हती. आला. चपला बाहेर काढल्या, पेपर मागितला, पसरला आणि बॅग उपडी केली. मी म्हटलं, "अहो, माझ्याकडे तरी नको आता हे."

"असू दे, ताई," तो बाह्या गुंडाळत म्हणाला. "मोबाइल धरा."

मी धरला.