देवडीचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे कार्डबाई म्हणत. एकतीस वर्षं तिने शब्दांची कार्डं लिहिली. वर शब्द, खाली अर्थ, मग तो आला कुठून. घरी भांडतानाही ती आधी नवऱ्याला शब्दाचा अर्थ विचारी, त्यामुळे तो बिचारा गप्पच बसे.

निवृत्तीला आठवडा उरला आणि मुख्य संपादकांनी ‘देवडी’चं कार्ड बाजूला काढलं. म्हणाले, हा शब्द मेला, आता सगळे पोर्च म्हणतात. कचेरीचा नियम मोठा कडक. असा शब्द वाचवायचा तर शनिवारपर्यंत तो कुणाच्या तरी तोंडून आपसूक यायला हवा. आपण सुचवायचा नाही, आणि घरच्या माणसाचा पुरावा चालायचा नाही.

इथेच तर घोडं अडलं. तिचे वडील गोदामाचे पहारेकरी. फाटकालगतच्या छपराखाली, त्यांच्या स्टुलाशी बसून ती अक्षरं शिकली, आणि त्या जागेला वडील देवडी म्हणत. उंबऱ्याला जुना शब्द देहली. त्यातूनच देवडी आली असावी, असं तिनेच कार्डावर लिहिलेलं. तो शब्द आता आपल्या डोळ्यांदेखत जाणार, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला.

मग काय, बाई उन्हातान्हात वणवण हिंडली. गवंडी, सुतार, रंगारी, दिसेल त्याला दारापुढचं छप्पर दाखवून विचारी, याला काय म्हणता? पोर्च, दुसरं काय! एका भल्या माणसाला वाटलं बाई वाट चुकल्या, त्याने हाताला धरून रस्ता ओलांडून दिला.

शनिवारी दुपारी ती एका सूतगिरणीच्या फाटकासमोर मटकन बसली. विचारायचंही त्राण उरलं नव्हतं. आपण हरलो, असं वाटून डोळे भरून आले. फाटकावरची पहारेकरीण, तिच्या लेकीच्या वयाची, हे बघत होती.

“मावशी, उन्हात कशाला बसता? देवडीत या की.”

कार्डबाई आत गेली, घटाघटा पाणी प्यायली. हा शब्द कुठला, म्हणून तिने विचारलं. कुठला म्हणजे, इथे कामाला लागल्यापासून आम्ही सगळे हेच म्हणतो, असं उत्तर आलं. तिने पिशवीतलं कार्ड काढून पुरावा लिहिला. मग स्वतःच लिहिलेला अर्थ वाचला: ‘फाटकाजवळची पहारेकऱ्याची जागा’. इतकी वर्षं आपण अर्धाच अर्थ लिहून बसलो, याची तिला लाज वाटली. तिने पुढे लिहिलं: ‘इथे दमल्याभागल्या परक्यालाही बसवतात.’

संध्याकाळी संपादकांनी कार्ड दोनदा वाचलं आणि छपाईच्या गठ्ठ्यात ठेवलं.