साखळीपुरतं दार

समोरच्या फ्लॅटमध्ये शिक्षणासाठी राहायला आलेली नवी मुलगी दार उघडते ते साखळी पुरेल तेवढंच. फटीतून तिचा एक डोळा दिसतो, आणि तो डोळा माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या बाईलाही चोर समजतो. मला राग येत नाही, उलट ओळख पटते.

मीही अशीच पुण्यात शिकायला आले होते. घरमालकीण काकू रोज संध्याकाळी पेलाभर दूध द्यायच्या. फुकट दूध कोण देतं? यांच्या घरात नक्की लग्नाचा मुलगा असणार, असं मी ठरवून टाकलं आणि दूध गुपचूप जास्वंदीच्या कुंडीत ओतत राहिले. काकूंना मुलगाच नव्हता. आणि माझं रूप तरी असं कुठे होतं, की कुणी त्यावर दूध खर्च करावं! मोठ्या शहरात एकटं माणूस आधी घाबरतं, मग त्या भीतीलाच हुशारी समजायला लागतं.

आज तिचा खानावळीचा डबा दुपारपर्यंत दाराबाहेर तसाच होता आणि आतून खोकला ऐकू येत होता. पोरगी उपाशी राहील म्हणून मी गरम थालीपीठ घेऊन गेले.

"यात काय आहे, आजी?"

"विष. वर तूपही घातलंय."

ती हसली नाही. "आधी तुम्ही खा."

दारातच उभं राहून मी तुकडा मोडून खाल्ला. ती माझ्या घशाकडे बघत होती. मग साखळी निघाली, ताटली आत गेली, दार लागलं आणि साखळी पुन्हा चढली. तो आवाज ऐकून मी निश्चिंत मनाने घरी आले.