छतावरची झडप

"वास बाहेर जाता कामा नये."

तव्यावर तेल सोडायच्या आधी वहिनी हे म्हणायच्या. मग स्टुलावर चढून त्यांच्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, छताला हवेसाठी जी झडप असते, तिचा दांडा गरगर फिरवून ती बंद करायच्या आणि फटीत जुन्या लुगड्याची चिंधी कोंबायच्या. मग खिडक्या, मग दार, दाराच्या फटीला टॉवेल. सगळं ठार बंद झालं की उदबत्ती पेटवायची, आणि तिच्या धुरात बोंबील तव्यावर पडायचे.

मी शेजारच्या ट्रेलरच्या पायरीवर बसून हे बघायचो आणि घाबरायचो.

तुम्ही म्हणाल, बोंबलाला काय घाबरायचं. बोंबलाला नाही घाबरत मी. मी मूळचा दापोलीकडचा. चौथीत शाळा सोडली, जहाजावर चढलो, गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भांडी घासता घासता आचारी झालो. अमेरिकेत जर्सी सिटीला उतरलो तो परत चढलोच नाही, आणि पुढचा जन्म हॉटेलांच्या भटारखान्यात गेला. मुलगा अ‍ॅशबर्नला असतो. त्याच्या मोठ्या घरात तळमजल्याला माझ्यासाठी खोली आहे, खाली गालिचा. मला तो गालिचा सोसला नाही. म्हणून मी ट्रेलर उभे करून राहायच्या या पार्कात, माझ्या जुन्या ट्रेलरात राहतो. त्याला चाकं आहेत, पण तो हलत नाही. मीही हलत नाही.

माणसाला मी भ्यालो नाही, समुद्रालाही नाही. गॅसला भितो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. गॅलीत एकदा गॅस पेटला तेव्हा मी दारात होतो आणि माझा जोडीदार आत होता. माझ्या हातावर अजून डाग आहे. त्याचं काय झालं ते लिहीत नाही.

इथल्या ट्रेलरना पुढच्या बाजूला दोन सिलिंडर लावलेले असतात. त्यातून तांब्याची नळी ट्रेलरच्या तळाखालून आत येते, शेगडीला, हीटरला. ट्रेलर जुना झाला, रस्त्यावरून खडखडत फिरला, की त्या नळीचे सांधे ढिले होतात. आणि हा गॅस जड असतो, वर जात नाही. होडीच्या तळाशी पाणी साचावं तसा पायाशी साचतो, पलंगाखाली, कपाटाखाली. म्हणून त्याचा अलार्म गुडघ्याच्याही खाली बसवलेला असतो. वहिनींच्या ट्रेलरात त्या जागी भिंतीत नुसतं भोक होतं आणि दोन उघड्या वायरी.

"वहिनी, अलार्म कुठंय?"

"काढून ठेवला. फोडणी टाकली की ओरडायचा मेला."

"तो ओरडण्यासाठीच असतो."

"मग रोज ओरडायला घरात सासू होती की मला. आता पुन्हा कशाला?"

असं बोलून त्या हसायच्या.

ट्रेलर त्यांच्या नवऱ्याने घेतलेला. निवृत्त झालो की अमेरिका फिरू, म्हणाले होते. निवृत्त झाले, एक फेरी झाली, आणि ते गेले. त्यांचा मुलगा हर्नडनला. सून गुजरातकडची, स्वभावाने चांगली, पण घरात मासळी नाही. वहिनींनी तिच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. "तिचं घर, तिची चूल," एवढंच म्हणायच्या. मग मुलाला सांगून ट्रेलर इथं आणून उभा केला आणि एप्रिलपासून थंडी पडेपर्यंत त्यात राहायला लागल्या. स्वतःच्या चुलीसाठी. त्यांना दुसरं काही नको होतं.

शनिवारी हर्नडनहून आयटीतली पोरं यायची. "मावशी, सुकट आहे का?" वहिनी डबे भरून द्यायच्या. डबा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर गाठ. एकदा एक पोरगा म्हणाला, "मावशी, हे ओपन करायला मला सर्जन लागेल यार." वहिनींनी ती पिशवी परत घेतली आणि आणखी एका पिशवीत घातली.

एवढी वासाची धास्ती कशाची, ते मी एकदा विचारलं. त्या बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता बोलल्या.

"जर्सी सिटीला होतो तेव्हाची गोष्ट. मुलगा पहिलीत. एक दिवस जॅकेट हातात घेऊन घरी आला, थंडीत, अंगात नुसता शर्ट. वर्गातल्या पोरांनी नाकं धरली म्हणाला. जॅकेट मी तीनदा धुतलं, भावजी. तरी त्याने ते पुन्हा घातलं नाही."

मग त्यांनी पुढचा बोंबील हातात घेतला.

मी त्यावर गप्प राहायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. मी राहिलो नाही. "वास लपवायला जीव देणार का?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आपले जहाजावर बरे होता."

मी सोडलं नाही. साबणाचं पाणी घेऊन जायचो, नळीच्या बाहेरच्या सांध्यांवर लावायचो, बुडबुडे येतात का बघायचो. आतला सांधा शेगडीच्या मागे, तिथं हात जात नव्हता. पार्कात कोणाच्या गाडीचा दरवाजा धाडकन लागला तरी मी आधी त्यांच्या खिडकीकडे बघायचो. रोज. माणूस अशा भीतीने थकतो, पण सवय होत नाही.

नोव्हेंबर लागला होता. आभाळ भरलेली दुपार, वारा बोचरा. मी त्यांचा डबा परत द्यायला निघालो. रिकामा द्यायचा नाही म्हणून आत थोडा शिरा. त्यांच्या पायरीशी वाकून चपला काढल्या आणि वास आला. सडक्या अंड्याचा. उभा राहिलो तर नाही, वाकलो की आहे.

माझ्या हातातला डबा पडला. शिरा गवतात.

आधी ट्रेलरच्या पुढे गेलो. दोन्ही सिलिंडरचे कॉक बंद केले. घाईत उलटा फिरवतोय की सुलटा कळेना. मग दार उघडलं. आत अंधारं, सगळं बंद, झडपेत चिंधी. वहिनी देवाच्या फोटोसमोर उभ्या होत्या. एका हातात उदबत्ती आणि काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी, आणि काडी पेटीवर टेकलेली.

"या भावजी," त्या म्हणाल्या. "सुकट खराब झाली बघा. सकाळपासून वास सुटलाय. सगळं बंद केलं तरी जात नाही."

"काडी खाली ठेवा."

"अहो, उदबत्ती लावते ना, म्हणजे..."

"वहिनी. काडी."

मी ओरडलो नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काडी हळूच ओट्यावर ठेवली, अंडं ठेवावं तशी. तेवढ्यात मला हीटर आठवला. तो थंडी वाढली की आपोआप ठिणगी टाकतो, कोणाला विचारत नाही. दारातून वारा आत येत होता. मी त्यांचा हात धरला आणि ओढलं. आयुष्यात परक्या बाईचा हात असा धरला नव्हता.

पार्कच्या टोकाला ओकचं झाड आहे, तिथं जाऊन थांबलो. त्या अनवाणी, मी अनवाणी.

"चपला तरी घालू द्यायच्या," त्या म्हणाल्या. मग हातात राहिलेली काडेपेटी माझ्याकडे दिली.

पार्कच्या मॅनेजरबाईने फायर ब्रिगेडला बोलावलं. ते लोक गॅस मोजायचा मीटर घेऊन आत गेले. शेगडीच्या मागचा सांधा चिरला होता. अलार्म मसाल्याच्या खणात सापडला, टॉवेलात गुंडाळलेला, हळदीने पिवळा. त्यातल्या एकाने तो उलटा करून बघितला आणि म्हणाला की हा तर जागेवर असता तरी वाजला नसता, याचं आयुष्य कधीच संपलं. हे मला इंग्रजीत सांगितलं, मी वहिनींना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी उगाच लपवला."

नळी बदलली. नवा अलार्म मी स्वतः बसवला, गुडघ्याखाली. आणि झडपेतली चिंधी त्यांनी आपल्या हाताने ओढून काढली. त्या दिवसापासून स्वयंपाक करताना झडप उघडी, खिडकी उघडी. फोडणी पडली की वास थेट माझ्या पायरीपर्यंत. मी मोठ्याने म्हणायचो, "आज कोलीम का?" आतून उत्तर यायचं, "नाक शाबूत आहे म्हणायचं." ते थोडे दिवस मी नीट झोपलो.

मग मॅनेजरबाई आली. बाई वाईट नाही, पायांकडे बघत बोलत होती. तक्रार आली होती, कोणाची ते तिने सांगितलं नाही. राहा म्हणाली, पण हे असलं शिजवू नका.

वहिनी स्टुलावर बसून राहिल्या.

"बघा भावजी. गेला वास बाहेर."

"गेला तर गेला. जिवंत आहात."

"हो," त्या म्हणाल्या. "तेवढं आहे." आणि जरा वेळाने, "पण शिजवायचं नाही तर इथं राहून काय करू?"

थंडी वाढायच्या आत त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी मला सुक्या सोड्यांची बरणी दिली. सिलिंडर काढून पार्कच्या ऑफिसात जमा केले. एप्रिलमध्ये येते म्हणाल्या, तोवर मॅनेजरबाईचा राग उतरेल. मी एकदा हर्नडनला जाऊन आलो. विजेची शेगडी, काचेसारखी गुळगुळीत. घरात कसलाच वास नव्हता. वहिनींनी चहा दिला, त्यालाही नव्हता. मला तिथं बसवेना.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या. गॅस नाही, आग नाही. हृदय.

माझंच बरोबर होतं. आजही तेच म्हणेन, कोणीही येऊन विचारा. झडप उघडीच हवी.

ट्रेलर अजून शेजारी उभा आहे. मुलाला विकायला सवड नाही, किल्ली माझ्याकडे आहे. सिलिंडर नाहीत, नळी कोरडी, हे मला माहीत आहे. तरी मी रोज संध्याकाळी जातो, दार उघडून उंबऱ्याशी वाकतो आणि वास घेतो. गॅस नसतो. पडद्यात, लाकडात बोंबील असतो, थोडासा. दर खेपेला आधीपेक्षा कमी.

परवा मी स्टुलावर चढलो. दांडा गरगर फिरवून झडप बंद केली. फटीत घालायला चिंधी सापडेना, तेव्हा खिशातला रुमाल कोंबला. मग खिडक्या बघितल्या, आणि दार ओढून घेऊन खाली टॉवेल सारला.