जळक्या तेलाचा वास

आसाबीला कुणी तेल दिलं की ती आधी देणाऱ्याचं तोंड बघायची आणि मग तेल. अबेओकुटा गावच्या बाजारात तेलवाल्या बायका तिच्या नावाने बोटं मोडायच्या. थेंब तळहातावर चोळायचा, नाकाशी धरायचा, जिभेवर ठेवायचा, आणि मग चारचौघांत विचारायचं, यात काय घातलंस? एकदा एकीच्या डब्यात खरोखरच कापडाचा रंग निघाला. तेव्हापासून संशय घेण्यात या बाईचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

तिचा नवरा लाडिपो शिंपी होता. ऐसपैस झग्यांच्या गळ्यावर रेशमी भरतकाम करावं तर त्यानेच. पण साठी उलटली, पोट सुटलं, साखर चढली, रक्तदाब वाढला, रक्तात चरबी साचली. सगळे आगंतुक एकेक करून आले आणि मुक्काम ठोकून बसले. त्याच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं धरलं होतं. रोज सकाळी आसाबी त्याला दहा सुया ओवून द्यायची. रक्त सुधारलं तर डावा डोळा टिकेल, असं डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. नाही सुधारलं तर काय, हे तिने विचारलं नव्हतं.

दवाखान्याने अशा बारा आजाऱ्यांच्या घरी तेल द्यायला सुरुवात केली. ताज्या पामफळांचं, लालभडक. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की अशा माणसांच्या रक्ताला आतून एक प्रकारचा गंज चढतो, आणि खाण्यातलं तेल तो कमीही करतं, वाढवतंही. दर सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं. आसाबीने हाताची घडी घालून सगळं ऐकलं. डब्यावर कुणाचं नाव नाही, गाव नाही, आणि म्हणे खा.

तिने त्या तेलाला आपल्या पद्धतीने सरळ केलं. हिरव्या मिरच्यांच्या रश्शाला लाल तेल आधी पांढरं करून घ्यायचं, ही तिकडची रीतच. कढई झाकून तेल धुरावेपर्यंत तापवायचं, लाली उडाली की निववायचं, मग कांदा. दवाखान्याच्या तेलाला आसाबी हा संस्कार दोनदा करायची. एकदा रश्शासाठी आणि एकदा परक्या हातासाठी. कुणी काही मिसळलं असेल तर ते जळून जावं, एवढाच तिचा हेतू. आणि रस्सा रोजचा.

दुसऱ्या तपासणीला बाकी सगळ्यांचा गंज उतरलेला निघाला आणि लाडिपोचा चढलेला. नर्स बोसेडे पोरगी सालस होती. तिने आसाबीला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आई, बाबा बाहेर कुठे तळलेलं खातात का हो?"

झालं. आसाबीच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आता तिला एकेक आठवायला लागलं. हल्ली हा घरी अर्धंच जेवतो. दुपारी झग्याची मापं घ्यायला म्हणून जातो आणि तृप्त चेहऱ्याने परत येतो. संध्याकाळी त्याचा शर्ट धुवायला घेतला तेव्हा तिने तो नाकाशी धरला. जळक्या तेलाचा वास. खमंग नव्हे, करपट, घशात बसणारा. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कधी लागलं नव्हतं. दुसऱ्या बाईच्या अत्तराचा वास आला असता तर तिने निदान भांडून घेतलं असतं.

मोटार स्टँडजवळ कुदिरात चवळीची भजी तळायची. विधवा, हसरी, सगळ्यांना वाढताना एक जास्त घालणारी. आसाबी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि सरळ कढईवर वाकली. कुदिरातने झारा थांबवला.

"काय शोधतेस? नवरा बुडालाय का माझ्या कढईत?"

शेजारच्या बायका फिदीफिदी हसल्या. आसाबीने कढईवरची वाफ हुंगली. त्या कढईला चवळीचा आणि कांद्याचा वास होता. तेल स्वच्छ दिसत होतं. म्हणजे ही नव्हे. मग कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लाडिपोच्या मागोमाग गेली, चार घरं सोडून. तो भिंतीचा आधार घेत चालत होता. एका गटाराशी अडखळला तेव्हा धावून हात द्यावा असं तिला फार वाटलं, पण ती जागची हलली नाही. तो ज्या घरात शिरला ते पाहून ती चक्रावली. अबेकेचं घर. लाडिपोची थोरली बहीण, बारा आजाऱ्यांतलीच एक.

आसाबी दारात पोचली तेव्हा तो ताटावर बसला होता. उकडलेला यामचा कंद, वरून दवाखान्याचं लाल तेल नुसतं ओतलेलं.

"वन्सं, तुम्हीसुद्धा?" तिचा आवाज चिरकला. "माझ्या हाताला काय झालंय?"

लाडिपोनेच मान खाली घालून सांगितलं, "तुझा रस्सा घशाला जाळतो गं. तीन महिने झाले. गिळतो कसाबसा."

"मग बोलला का नाहीत, डेलेचे बाबा?"

"गावातल्या प्रत्येकाला तू विचारतेस, यात काय घातलंस म्हणून. तुला कोण विचारणार?"

अबेकेने खुर्ची पुढे केली. आसाबी बसली नाही. अबेकेचा गंज कसा उतरला होता ते तिला आठवलं. तेल एकाच दवाखान्याचं, एकाच दिवशी दिलेलं; फक्त इथे ते कढईत जळलं नव्हतं. मग तिला तो शर्ट आठवला.

ती घरी आली. चुलीवर कढई होती, झाकलेली. तिने डोक्याचं फडकं सोडलं आणि नाकाशी धरलं. तोच वास होता. मग तिने कमरेचं लुगडं हुंगलं, उशीचा अभ्रा हुंगला, खुंटीवरचा त्याचा धुतलेला झगा हुंगला.

सकाळी तिने नेहमीप्रमाणे सुया ओवायला घेतल्या. दहा झाल्यावर ती थांबली नाही. डबीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या ओवल्या आणि त्याच्या हाताशी मांडून ठेवल्या.