सड्यावरचा परग्रह

आमच्या घरामागची चढण संपली की सडा लागतो. काळ्या-तांबड्या कातळाचं नजर पोचेल तिथपर्यंत पसरलेलं माळरान. पावसाळ्यात त्यावर गवत आणि बारीक फुलं येतात, पण मार्चपर्यंत सगळं करपून कातळ उघडा पडतो आणि दुपारी चप्पल घालूनही पाय भाजतात. रत्नागिरीत जन्म काढलेल्या माणसाला तिथे बघण्यासारखं काही वाटत नाही. पण पंचवीसेक वर्षांपूर्वी दोन जीप भरून माणसं आली आणि त्यांनी सांगितलं की हा परग्रह आहे.

मी तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते. आई नव्हती, घरात मी आणि वडील. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. सड्याच्या कडेला त्यांची आंब्याची कलमं होती आणि संशय घेणं हा त्यांचा जोडधंदा होता. व्यापाऱ्याच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, रेडिओवरच्या हवामानाच्या अंदाजावर नव्हता. कुणी ‘सहज भेटायला’ म्हणून आलं, तर त्याचा चहा संपेपर्यंत भाऊ त्याच्याकडे ‘आता खरं काम सांगा’ अशा नजरेने बघत बसत.

जीपमधल्या माणसांनी पहिल्याच दिवशी कातळावर तीन पायांचं एक यंत्र उभं केलं. भाऊंनी ते कलमांमधून पाहिलं आणि तसेच वर गेले.

“काय मोजताय?”

“काही नाही काका, सिनेमा करतोय.”

“कसला?”

“विज्ञानकथा आहे. माणसं परग्रहावर उतरतात, अशी.”

भाऊ घरी आले, पायावर पाणी घेतलं आणि मला म्हणाले, “खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं माणसाने.”

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. आमच्या भागात दर दोन-तीन वर्षांनी हूल उठायची, कुठलासा प्रकल्प येणार, जमीन जाणार. आणि अशी प्रत्येक हूल उठायच्या आधी कुणीतरी तीन पायांचं यंत्र घेऊन आलेलं असायचं आणि ‘नुसती पाहणी आहे’ म्हणून गेलेलं असायचं. सडा वाडीतल्या बऱ्याच घरांच्या सामाईक मालकीचा. संध्याकाळपर्यंत वाडी देवळापाशी जमली. मी शिकलेली, त्यातून विज्ञानाची, म्हणून ठरलं की बाईंनी जाऊन खरं-खोटं काय ते बघावं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर गेले. दिग्दर्शक म्हणजे तिशीतला एक किडकिडीत माणूस होता, पुण्याकडचा. डोक्याला ओला पंचा बांधून तो त्या तीन पायांच्या यंत्राला डोळा लावून उभा होता. त्याने मला खुर्ची दिली आणि गोष्ट सांगितली. पृथ्वी राहण्याजोगी उरलेली नाही, चार माणसं नवं घर शोधायला निघालीत, ती एका निर्मनुष्य ग्रहावर उतरतात. त्या ग्रहाला दोन सूर्य आहेत.

“दोन सूर्य असतील तर प्रत्येक वस्तूला सावल्याही दोन पडतील,” मी म्हटलं.

तो विचारात पडला. मग म्हणाला, “ताई, ते परवडणार नाही.”

या उत्तराने माझी खात्री पटली. मोजणीला आलेला माणूस असं बोलणार नाही. आणि खरं सांगते, मला ते सगळं आवडलंही होतं. त्यांच्याकडे चंदेरी रंग दिलेली हेल्मेटं होती. पाण्याची मोठी टाकी आडवी पाडून तिचं यान केलेलं होतं. तंबूत एक मुलगी बसून प्लॅस्टिकच्या नळ्या चिकटवत होती. आमच्या सड्यावर कुणीतरी कल्पना लढवत होतं, हे मला नवीन होतं. मी खाली येऊन वाडीला सांगितलं, “सिनेमावालेच आहेत. करू देत.”

वाडीने करू दिलं. भाऊंनी मान डोलावली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फक्त, जेवढे दिवस ती माणसं होती तेवढे दिवस भाऊ जेवून झालं की उन्हातून काखेत छत्री मारून वर जात. मी विचारलं तर म्हणत, “कलमांना पाणी कितपत आहे ते बघून येतो.” एक सोडून सगळी कलमं खालच्या अंगाला होती.

सिनेमावाले हातखंब्याच्या लॉजवर उतरले होते. एका सकाळी जीप आल्या नाहीत. काम संपलं होतं. कातळावर चंदेरी रंगाचे डाग तेवढे उरले, तेही पहिल्या पावसात गेले.

मी वर्गात सांगून ठेवलं होतं की आपला सडा सिनेमात दिसणार. मुलं अधूनमधून विचारायची, “बाई, पिक्चर कधी लागणार?” मी दर शुक्रवारी पेपरातल्या सिनेमाच्या जाहिराती वरपासून खालपर्यंत बघायची. वर्ष गेलं. दुसरं गेलं. मुलांचं विचारणं थांबलं, आणि मग मोठ्यांचं सुरू झालं.

त्याचं कारण असं झालं की सड्याला लागून असलेल्या काही जमिनी बाहेरचं कुणीतरी घेऊ लागलं. दलाल यायचे, किंमत बरी द्यायचे, आणि कोण घेतंय ते सांगायचे नाहीत. वाडीत कुजबुज सुरू झाली. ते यंत्र लावून गेले ना, तेव्हाच सगळं मोजून गेले. सिनेमा हे नुसतं सोंग. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एका घरी गेले, तर ओटीवरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. कुणीतरी तिळगूळ दिला, पण ‘गोड बोला’ म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. आमच्या चुलतकाकांनी तर तोंडावरच सांगितलं, “बाईंनी हो म्हटलं म्हणून आम्ही हो म्हटलं.”

भाऊ तिथेच होते. मला वाटलं, आता हेही म्हणणार, मी आधीच सांगत होतो. पण ते काकांना म्हणाले, “जमीन विकलीत तुम्ही. कागदावर अंगठा तुमचा. त्यात हिचं काय?” आणि घरी येताना वाटेत मला एवढंच विचारलं, “तो दोन सूर्यवाला नाव-पत्ता काही देऊन गेला होता काय गो?”

नव्हता दिलेला. म्हणजे भाऊंना वाडीचाही राग होता आणि माझ्यावरही पुरता विश्वास नव्हता.

माझ्या बाजूने एकटे चाचा बोलायचे. चाचा म्हणजे आमच्या खालच्या अंगाला राहणारे. जन्मभर जहाजांवर नोकरी करून घरी परतलेले. ते कप्तान कधीच नव्हते, पण भाऊ त्यांना कप्तान म्हणत. चाचा म्हणाले, “सिनेमा असेल गो तो. बुडाला असेल. जहाजं बुडतात तर सिनेमे का नाही बुडणार?”

तरी माझ्याही मनात किडा शिरलाच. मी आठवू लागले. त्या माणसाला सावल्यांचं साधं गणित ठाऊक नव्हतं, मग तो असा सिनेमा कसा करत होता? त्या यंत्रातून तो खरंच बघत होता का? मी कॅमेरा पाहिला होता, पण कॅमेरा तर लग्नातही असतो. वर्षं गेली तसं मला आठवेना की मी काय पाहिलं होतं आणि काय बघायची इच्छा होती.

गेल्या वर्षी एका दुपारी मी पेपर तपासत बसले होते. एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘बाई, हा आपला सडा का?’ मी उघडली नाही. अशा लिंकांमधून लोकांची बँकखाती रिकामी होतात. मी तिला फोन लावून आधी विचारलं, “ही तूच पाठवलीस ना?” ती हसायला लागली. तिने हसणं आवरल्यावरच मी बोट लावलं.

सिनेमा होता. पूर्ण होता. कुणीतरी कुठल्यातरी जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतला असावा, चित्र खरवडलेलं होतं आणि आवाज विहिरीतून यावा तसा.

पहिली दहा-पंधरा मिनिटं मला आनंदच झाला. मग मी बघू लागले. जुन्या कौटुंबिक सिनेमात साड्या जुन्या दिसतात, केसांची वळणं जुनी दिसतात, बाकी माणसं रडतात-हसतात ती चालून जातात. भविष्याच्या सिनेमाचं तसं होत नाही. त्या चार जणांनी ज्या वर्षी परग्रहावर वस्ती करायची, ते वर्ष कधीच येऊन गेलं होतं. त्या वर्षी आम्ही नळाला पाणी केव्हा येतंय याची वाट बघत होतो. यानातला संगणक कपाटाएवढा होता आणि त्याला दिवाळीच्या माळेतले दिवे लावले होते. नायक पृथ्वीशी बोलायचा तो तारेच्या रिसीव्हरवरून. आकाशात दुसरा सूर्य चिकटवला होता, आणि सावली प्रत्येकाला एकच. तीही सोसली असती. पण गोष्टच इतकी पोकळ निघाली की मला त्या ओल्या पंचाच्या माणसावर राग आला. याच्यासाठी मी वाडीसमोर उभी राहिले होते.

अर्ध्यावर तीन पायांचं यंत्र आलं. नायिका ते कातळावर रोवून त्यातून बघते आणि म्हणते, “प्राणवायू पुरेसा आहे.” मी फोन खाली ठेवला. तेच यंत्र. त्याने जमीन नाही, प्राणवायू मोजला जात होता. तोही खोटा.

सिनेमाखाली लोकांनी टिंगल लिहून ठेवली होती. त्यात एकाने लिहिलं होतं, ‘शेवटाकडे मागे बघा, एलियन छत्री घेऊन उभा.’

मी सिनेमा पुढे नेला. नायक हेल्मेट काढतो, चारी दिशांना बघतो आणि भरल्या आवाजात म्हणतो, “इथे जीवसृष्टीची एकही खूण नाही.” त्याच्या खांद्यामागे, लांब, एका आंब्याच्या झाडाशेजारी भाऊ उभे होते. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, काखेत छत्री. कॅमेऱ्याकडे रोखून बघणारे. आज माझं जे वय आहे साधारण त्याच वयाचे. त्या सगळ्या सिनेमात खरं दिसणारं तेवढंच होतं.

मी तशीच उठून ओटीवर गेले. भाऊ आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं, नजर मात्र चांगली आहे. मी चित्र थांबवून फोन त्यांच्या हातात दिला.

“हे कोण?”

त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

“कोण?”

“तुम्ही, भाऊ. तो सिनेमा आहे. खरंच सिनेमाच होता. आणि तुम्ही आहात त्यात.”

“मी नव्हे.”

“अहो, छत्री बघा.”

“छत्री काय, कुणाकडेही असते.” त्यांनी फोन परत केला. “हल्ली कुणाचाही चेहरा कुणालाही लावतात. परवाच टीव्हीवर दाखवलं. तुला कुणी पाठवलंन हे?”

पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना सिनेमा खोटा वाटला होता कारण तो दिसत नव्हता, आणि आता दिसत होता म्हणून खोटा वाटत होता. मी चाचांना बोलावून आणलं. काठी टेकत ते आले. त्यांनी चष्मा पुसला, चित्र पाहिलं आणि मोठ्याने हसले.

“भाऊ, अहो तुम्हीच! दुसरं कोण असं उभं राहतं? जशी काय कस्टमची झडती घ्यायला आलात.”

“कप्तान, तुमचं ऑपरेशन झालंय डोळ्याचं.”

“म्हणून तर नीट दिसतंय.”

दोघं बराच वेळ वाद घालत बसले. मी चहा टाकायला आत गेले. संध्याकाळपर्यंत तो तुकडा वाडीतल्या सगळ्यांच्या फोनवर गेला होता. हसण्याचे चेहरे आले, ‘भाऊ हिरो’ असं आलं. ज्या बायका हळदीकुंकवाला गप्प झाल्या होत्या त्यांच्या सुनांनी अंगठे पाठवले. त्या वेळचं कुणी काही बोललं नाही. एका चुलतभावाने मात्र लिहिलं, ‘सिनेमा होता हे ठीक, पण सिनेमाच्या नावाखाली दुसरं काही नसेल कशावरून?’ मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडून टाकलं. त्याचा संशय फिटेल असा पुरावा माझ्याकडे नव्हता, कुणाकडेच नसता.

रात्रीच्या जेवणाआधी भाऊंनी स्वतःहून फोन मागितला. “ते मघाचं लाव.”

मी लावून थांबवलं. त्यांनी स्वतःकडे पाहिलंच नाही. बोट शेजारच्या झाडावर ठेवलं.

“हे वरच्या टोकाचं पायरीचं कलम. माझ्या वडिलांनी लावलेलं. वादळात पडलं ते.” ते वाकून बघत राहिले. “इकडची फांदी अशी खाली आलेली असायची. बरोबर आहे. अशीच होती.”

“मग पटलं ना?”

“झाड खरं आहे,” भाऊ म्हणाले. “माणसाचं मला सांगता यायचं नाही.”

झाडाचा फोटो करून आण, असं मात्र त्यांनी सांगितलं. दोन दिवसांनी मी बाजारातल्या स्टुडिओत गेले. तिथल्या माणसाने चित्र मोठं केलं, झाड जरा उजळ केलं आणि म्हणाला, “मॅडम, झाडच पाहिजे ना? मग बाजूचा हा माणूस काढून टाकतो. एका मिनिटाचं काम आहे, कळणारही नाही.”

“नको,” मी म्हटलं, आणि त्याचं बोट माऊसवरून उठेपर्यंत तिथेच उभी राहिले.