चिनी सेनापती आणि दूधवाल्या मावशी

महायुद्ध चालू असतानाची गोष्ट. पाचगणीची इंग्रजी शाळा संपवून मी रहिमतपूरला वडिलांकडे आले, त्याला वर्ष झालं होतं. त्या वर्षात घराबाहेर मी जेमतेम वीस-पंचवीस वाक्यं बोलले असेन. कारण एक लग्न. तिथं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी आदरानं विचारलं, "आपण भोजन केलेत का?" शाळेत मराठी होतं ते आठवड्यातून तीन तास आणि सगळं पुस्तकातलं. वडीलधाऱ्यांशी असंच बोलतात, अशी माझी समजूत होती. सगळा मांडव हसला. पुढे आठवडाभर विहिरीवर बायका एकमेकींना "आपण भोजन केलेत का?" विचारत होत्या. मी तोंड मिटून घेतलं ते घेतलंच.

अशात एके दिवशी तंबूतल्या सिनेमाचे मालक दवाखान्यात आले. माझे वडील डॉक्टर.

"डॉक्टरसाहेब, चिनी बोलपट आणलाय. चीन आपल्या बाजूनं लढतोय ना, म्हणून गावच्या युद्धमदत कमिटीनं पलटणीतल्या लोकांच्या घरच्यांसाठी खेळ ठेवलाय. बोलणं सगळं चिनी. खाली इंग्रजी अक्षरं येतात. ती सांगणारा माणूस पुण्याहून यायचा होता, तो तापानं पडलाय."

"त्यात काय! आमची ताई सांगेल," वडील म्हणाले. मला विचारायच्या आधीच.

मी रात्री जेवले नाही. वडिलांनी शब्द दिला होता, त्यामुळे नाही म्हणता येईना. मी एकच अट घातली. मी बायकांच्या बाजूला, कनातीआड बसेन, म्हणजे पुरुषांना दिसणार नाही. पण दिसण्याचं मला फारसं काही नव्हतं. भीती होती ती ऐकू जाण्याची. पाच-सहाशे माणसं पुन्हा हसली, तर मी या गावात परत बोलणार नाही, हे मनाशी ठरलेलं होतं.

दिवेलागणीला तंबू भरला. मध्ये कनात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मी पुढच्या सतरंजीवर पत्र्याचा कर्णा मांडीवर घेऊन बसले. शेजारी आमच्या दूधवाल्या मावशी बसल्या होत्या. त्यांची दोन मुलं पलटणीत, दोघंही ब्रह्मदेशात.

पडद्यावर किल्ला आला, घोडे आले, लांब बाह्यांचा राजा आला. मी कर्णा तोंडाला लावला.

"हे सम्राटा, शत्रुसैन्य सीमेनिकट येऊन ठेपले आहे."

कनातीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "भटजी बसवलाय काय रं आत?"

हशा पिकला. मी कर्णा खाली घेतला. मावशींनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हनतोय त्यो? सादं सांग मला."

"शत्रू सरहद्दीवर आलाय," मी पुटपुटले.

त्यांनी माझ्या हातातून कर्णा घेतला. "गनीम शिवंवर आलाय म्हनं! आन् ह्यो बसलाय पंख्याचा वारा घेत!"

तंबू खूश झाला. मग तसंच चाललं. मी कुजबुजायची, मावशी गर्जायच्या. पातळ मिशांचा प्रधान राजाच्या कानाशी लागला, तेव्हा मी अजून खालची ओळ वाचलीही नव्हती. मावशींनी सांगून टाकलं, "ह्यो कळलाव्या हाय! मिशा बघा की त्याच्या!" खरोखरच तो कळलाव्या निघाला. किल्ला लढवणाऱ्या म्हाताऱ्या सेनापतीला सिंहासन हवंय, असं त्यानं राजाच्या मनात भरवलं. राजानं हुकूम धाडला, किल्ला सोड, शस्त्र ठेव, एकटा दरबारात ये.

सेनापतीनं हुकूम वाचला. तलवार काढून तरुण सरदाराच्या हातात दिली.

"आता काय करतोय?" मावशींनी विचारलं.

"जातोय. राजाची आज्ञा आहे, म्हणतो."

मावशींनी कर्णा माझ्या मांडीवर ठेवला. "म्या न्हाई सांगत असलं. माझी पोरं हायती तिकडं रानात. तूच सांग."

पडद्यावर सेनापती घोड्यावर चढत होता. मागून ओरडा झाला, "आवं, कर्णा मोडला काय?"

मी तो उचलला. "तो चाललाय," मी म्हणाले. "तिथं आपल्याला मारतील, हे त्याला माहीत आहे. तरी चाललाय."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात रीळ संपलं. यंत्र एकच होतं, दुसरं रीळ चढेपर्यंत बत्त्या लागायच्या. त्या उजेडात वाद पेटला. एक पेन्शनर सुभेदार कनातीपलीकडून म्हणाले, "जायाच पायजे. हुकूम म्हंजे हुकूम."

"किल्ला उघडा टाकून?" दुसरा कुणी म्हणाला.

मावशी उभ्या राहिल्या. "आवं सुभेदार, तुमी गेला असता?"

"व्हय तर!"

"आन् कारभारनीनं जाऊ दिलं असतं?"

सुभेदारांची कारभारीण आमच्याच बाजूला होती. ती म्हणाली, "बाजाराला जाताना इचारत्यात मला!" बायका हसून लोळल्या.

शेवटचं रीळ लागलं. सेनापती गुडघे टेकून बसला. राजा सिंहासनावरून उतरला, त्याच्यासमोर आला आणि बोलू लागला. बराच वेळ बोलला. पण राजाचा झगा पांढरा, आणि अक्षरंही पांढरी. मला एक शब्द दिसला नाही.

"राजा काय म्हनाला?" सगळा तंबू विचारत होता.

'मी तुला क्षमा केली' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला बनवून सांगवेना.

"मला वाचता आलं नाही," मी कर्ण्यातून म्हणाले. "पांढऱ्यावर पांढरी अक्षरं होती."

मी हशाची वाट बघत राहिले.

"मग फिरवा की मागं!" सुभेदार ओरडले.

यंत्रवाला कुरकुरला, रीळ उतरवून पुन्हा गुंडाळावं लागेल म्हणाला.

"गुंडाळ! आमी बसतो!"

आणि बसले सगळे. शेंगा फिरल्या. रीळ पुन्हा लागलं, तेव्हा मी उठले, कनातीआडून बाहेर आले आणि थेट पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. पडद्याचा उजेड अंगावर पडला होता. सगळ्या गावाला मी दिसत होते, पण जवळून अक्षरंही दिसत होती.

"राजा म्हणतो," मी वाचलं, "मला तुला मारायचं नव्हतं. बोलावल्यावर तू येतोस का, एवढंच बघायचं होतं."

कर्ण्याशिवायच मावशींचा आवाज आला.

"आरं मेल्या, मग तोंडानं इचारायचंस की! लढाई अर्धी टाकून आला की रं त्यो!"

तंबू फुटला हशानं. मीही हसले. कर्णा तोंडापाशीच होता, त्यामुळे माझं हसू पार तंबूमागच्या विजेच्या इंजिनापर्यंत गेलं. किल्ल्याचं पुढे काय झालं, ते मला आजही माहीत नाही. त्या गोंधळात मी वाचायचंच विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दूध घेऊन आल्या. दाराशी थांबून गंभीर तोंडानं म्हणाल्या, "ताई, आपन भोजन केलेत का?"

"अजून न्हाई, मावशी," मी म्हणाले. वर्षभरात मी कुणाच्या थट्टेला दिलेलं ते पहिलं उत्तर.

मग त्यांनी पदराआडून एक कोरं कार्ड काढलं. "पोरास्नी ह्या राजाचं लिव्हायचंय. म्या सांगते, तू लिव्ह. सादं लिव्ह हां."

मी दौत-टाक घेऊन उंबऱ्यापाशी बसले. राजा, प्रधानाच्या मिशा, सुभेदाराची कारभारीण, सगळं कार्डात बसवलं. तळाला बोटभर जागा उरली.

"आता तितं इचार," मावशी म्हणाल्या, "कवा येताय? तोंडानं इचारल्यालं बरं असतं."