तिथीवर येणारा समुद्र

दोंडाईच्याच्या स्टेशनावर आप्पांनी डब्यात आधी बाज चढवली, मग ट्रंक, मग मला. सुंभाने विणलेली खाट गाडीत कशी घ्यायची यावर डब्यातल्या प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं. कुणी म्हणे आडवी धरा, कुणी म्हणे खालीच ठेवा. आप्पा मायला सांगून थकले होते की सुरतला सगळं मिळतं. माय पदर खोचून बाजेचा मागचा पाय धरून उभी होती. "मिळत असंल," ती म्हणाली. "पण बसायला काय मिळतं, ते तुम्ही सांगितलंच नाही." गाडी सुटली. नंदुरबार, नवापूर, व्यारा करत उधना येईपर्यंत त्या बाजेवर आळीपाळीने अर्धा डबा बसून गेला, आणि आधी सगळ्यात जास्त ओरडणारा माणूस तिच्यावरच झोपला.

डिंडोलीच्या खोलीत बाज मावली नाही. गॅलरीत ती भिंतीला उभी टेकवून ठेवली. शेजारणी तिच्यावर साड्या वाळत घालायच्या. पुढे एका पावसाळ्यात सुंभ कुजलं आणि आप्पांनी ती भंगारवाल्याला देऊन टाकली.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांना, दोघांनाही मला सांगायचंय की सुरत म्हणजे काय ते आम्हाला बरीच वर्षं माहीत नव्हतं. आप्पा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. लूमच्या खडखडाटात आप्पांचे कान गेल्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलायचे. आजही फोनवर माझा आवाज ऐकून लोक विचारतात, रागावलीस का? माय घरी बसून साड्यांचे धागे कापायची. भरतकाम झालेल्या साडीच्या मागे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने साफ करायचे आणि गठ्ठा परत द्यायचा. तिने सुरत पाहिली ती साडीच्या उलट्या बाजूने. समुद्र आमच्या खोलीपासून तासाभरावर होता आणि आम्ही तिघांपैकी कुणीही तो पाहिलेला नव्हता. गावाहून पाहुणे आले की त्यांना कापड मार्केट दाखवायचं, खमण खाऊ घालायचं आणि उधन्याला गाडीत बसवून द्यायचं. एवढीच आमची सुरत.

मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकले, मग कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी दर वेळी सांगते, कारण सांगायला मला आवडतं. आज पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसच्या, कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये मी कापडाच्या शेड मिळवते. पार्टी एक चिंधी पाठवते आणि म्हणते, असाच रंग पाहिजे. मी तो काढून देते. त्यामुळे मी समुद्राबद्दल पुढे जे लिहीन त्यात निळा रंग शोधू नका. आमच्या बाजूचा समुद्र चहात दूध जरा जास्त पडल्यासारखा आहे. तो तसाच चांगला दिसतो.

आप्पा थकल्यावर दोघं गावी परत गेले. आप्पा वारले आणि माय एकटी राहिली. मला भाऊ नाही. गेल्या हिवाळ्यात ती अंगणात घसरून पडली, डावं मनगट मोडलं. तासभर तिथेच बसून होती. पाणी भरायला निघालेल्या बाईने पाहिलं म्हणून कळलं. मी आणि दिनेश, माझा नवरा, गाडी घेऊन गेलो आणि तिला डिंडोलीला घेऊन आलो. तिने उंबऱ्यावरच सांगून टाकलं, "प्लास्टर निघालं का मी जासू." जाईन म्हणजे जाईनच.

मला ती जायला नको होती. दुसऱ्यांदा पडली आणि त्या दिवशी कुणी पाणी भरायला निघालं नाही तर?

न राहण्याची तिच्याकडे दोन कारणं होती. एक म्हणजे हे लेकीचं घर. गावाहून हिराकाकू, मायची धाकटी जाऊ, एक दिवसाआड फोन करून त्याची आठवण द्यायची. "बाई, जावयाचं मीठ किती दिवस खाशील? लोक मला विचारतात." दुसरं कारण मायचं स्वतःचं. ती आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून समोरची खिडकी बघायची आणि म्हणायची, "बठाले जागा शे का आठे?" इथे बसायला जागा आहे का? तिचं बसणं म्हणजे खुर्चीत बसणं नाही. वर आभाळ, खाली माती, समोर दूरवर काहीतरी हलतंय, आणि कुणी विचारत नाही की इथे का बसलात. पहिल्या कारणावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्यावर आहे असं मला वाटलं. रविवारी दिनेशला म्हटलं, गाडी काढ, मायला डुमसच्या किनाऱ्यावर नेऊ.

डुमसला पोचलो तेव्हा दुपार होती. काळी वाळू, उंट, घोडे, भज्यांच्या गाड्या, पतंग, सगळं जागेवर होतं. समुद्र नव्हता. जिथे असायला पाहिजे तिथे चिखल पसरला होता, लांबच लांब, आणि त्याच्या पार टोकाला एक चकचकीत रेघ. माय हात गळ्यात अडकवून उभी. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग तिच्या लूमच्या आवाजात विचारलं, "मनू, समुद्र कथा गया?" कुठे गेला?

आजूबाजूची माणसं हसली. मी ओहोटी समजावून सांगायला लागले, चंद्र, ओढ, सगळं. माय ऐकत नव्हती. "एवढं पेट्रोल जाळून गारा-चिखल दाखवायला आणलं," ती दिनेशला म्हणाली. "गारा आपल्या गावी फुकट होता." दिनेश म्हणाला, "माय, टमाट्याची भजी तरी खा, ती कुठं गेली नाहीत."

भजी तळणारी बाई गुजराती होती. तिने झारा हलवत मायला सांगितलं, "मासी, आजे आठम छे. पूनमे आवजो, अमासे आवजो. दरियो अहीं सुधी आवशे." आणि पुनवेला-अवसेला पाणी कुठवर येतं ते दाखवायला गाडीच्या चाकापासून थोडं पुढे बोट केलं.

माय वीस वर्षं सुरतेत राहिलेली, गुजराती तिला चांगलं कळतं. ती भजं हातात धरून थांबली. "म्हणजे तिथीवर चालतो हा?"

"हा, मासी. तिथि पर."

"मग तसं सांग ना," माय माझ्याकडे वळून म्हणाली. "चंद्र काय, ओढ काय लावलंय. आज अष्टमी आहे हे मला सकाळीच ठाऊक होतं." तिचे चतुर्थीचे, एकादशीचे उपास असतात, भिंतीवरचं कॅलेंडर ती रोज बघते. परतताना गाडीत ती बोटांवर काहीतरी मोजत होती. समुद्र न दिसल्याचं दुःख मला तिच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नाही. पाहुणा कधी येणार हे कळल्यावर बाईमाणसाच्या डोक्यात जी तयारी सुरू होते, ती सुरू झाली होती.

मधल्या एका सुट्टीला मी तिला गवियरच्या तळ्यावर नेलं. डुमसच्या रस्त्यापासून आत, गर्दी नाही, हिवाळ्यात लांबलांबून पक्षी येतात. सकाळच्या उन्हात पाण्यावर बदकं बसलेली, काठावर कॅमेरे लावून तीन-चार माणसं श्वास रोखून उभी. मला ही जागा फार आवडते. मायने पाच मिनिटं पाहिलं आणि मला कानात सांगितलं, "छान शे." तिचं कानात सांगणं आप्पांच्या कानाच्या हिशोबाचं. सगळी बदकं उडाली. एका कॅमेरावाल्याने वळून "श्श" केलं. मायने त्याच्याकडे बघून तितक्याच जोरात विचारलं, "का रे भाऊ, तुझी आहेत का?" दिनेश हसू दाबत दुसरीकडे बघत राहिला. शांत जागा सगळ्यांना एकसारख्या शांत नसतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही मात्र जरूर जा. फक्त आमच्या घरच्या माणसाला सोबत नेऊ नका.

मग पौर्णिमा आली. तिची आठवण मायनेच करून दिली, आणि मला पलसाण्याला रजा टाकायला लावली. "रविवारची वाट समुद्र बघणार का?" या वेळी डुमस नको म्हणून आम्ही सचिन गावावरून मरोलीच्या रस्त्याने उभराटला गेलो. सचिनच्या कारखान्यांचा वास मागे पडला, मग ऊस, मग आंब्याच्या वाड्या, चिंचा, ताडाची झाडं. किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. त्यांच्याखाली वाळलेल्या काड्यांचा असा थर असतो की सतरंजीची गरज नाही. वारा त्या झाडांतून जातो तेव्हा लांबून पाणी वाहतंय असा आवाज येतो. त्या दिवशी खरंच पाणी येत होतं. चिखलाच्या रंगाचं, घाई नसलेलं, रुंद. आधी एक पातळ थर सरकत यायचा, थांबायचा, पुढचा त्याच्यावरून यायचा.

माय सुरूखाली बसली. मी डबा उघडला, फोटो काढले, पाण्यात घोट्याच्या पुढे जाऊ नकोस म्हणून दिनेशला ओरडले, परत डबा बंद केला. तिने मला पदराला धरून खाली ओढलं. मी बसले. पाणी वर चढेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. उन्हं कलायला लागली तेव्हा पाणी मागे जायला लागलं. मायने ते जाताना पाहिलं. "जातो, पण सांगून जातो," ती म्हणाली. आप्पा काही न सांगता गेले होते, दुपारच्या चहानंतर, कप अजून गरम होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिलाही ते नको होतं.

मला वाटलं, आता राहील. गाडीत बसताना विचारलं. ती म्हणाली, "जागा चांगली शे. पण जागेसाठी लेकीकडे राहिले असं सांगू का गावाला?" म्हणजे पहिलं कारण जिथल्या तिथे होतं.

प्लास्टर निघालं आणि हिराकाकूचा फोन आला की ती स्वतः मायला न्यायला येतेय. मी फोनच्या बाजूलाच होते. माय म्हणाली, "ये. पण मी सांगते त्या दिवशी ये. तुले समुद्र दखाडसू." मायने तारीख सांगितली. काकू ओरडली, "अवं बाई, त्या दिवशी अमावास्या आहे! अमावास्येला कुणी बाहेर पडतं का?"

"समुद्र पडतो," माय म्हणाली आणि फोन ठेवला.

काकू आदल्या दिवशी आली. सोबत गावातल्या दोन बायका, समुद्राचं ऐकून निघालेल्या. संध्याकाळी काकूने चौकशी सुरू केली. जेवण कोण करतं, भांडी कोण घासतं, माय कुठे झोपते. माय कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होती. मनगट अजून आखडलेलं, तरी कुणाला हात लावू देत नव्हती. काकू म्हणाली, "काहीही म्हण, खातेस तर जावयाचंच."

मायने तव्यावरची भाकर उलटली. "मी कुठं जावयाचं खाते? जावई माझ्या हातचं खातो. रोज. विचार त्याला."

दिनेश तोंडात घास घेऊन होता. त्याने नुसती मान हलवली आणि अजून एक भाकर मागितली. काकूने ताट पुढे ओढलं. इतकी वर्षं शिकून हे उत्तर मला काही काढता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उभराटला पोचलो तेव्हा नुसता चिखल होता. काकूचा चेहरा खुलला. "हाच का तुझा समुद्र?" मायने पिशवी सुरूखाली ठेवली, तिघींना कुठे बसायचं ते दाखवलं, चपला वर उचलून ठेवायला लावल्या. "जेवण होईपर्यंत येईल." मी मोबाइल काढला होता, भरतीची वेळ बघायला. परत ठेवून दिला. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. आज पाणी उशिरा आलं, कमी आलं, तर मायचं बोलणं हलकं पडणार आणि उद्या ती काकूबरोबर गाडीत बसणार.

आमची भाकरी-ठेचा संपत आला तेव्हा गावातल्या एका बाईने हातातला घास तसाच धरून म्हटलं, "ते काय हलतंय?"

पाणी येत होतं. पौर्णिमेपेक्षा मोठं. किनारा भरत समुद्र वर आला, चपला असत्या तिथपर्यंत आला आणि थोडा पुढेही आला. गावातल्या बायका उठून लुगडी सावरत मागे पळाल्या आणि हसत पुन्हा पुढे आल्या. काकू मात्र जागची हलली नाही. हात जोडून बघत राहिली. माय त्यांच्यामध्ये उभी राहून सांगत होती: अष्टमीला आलात तर काही मिळायचं नाही, पुनवेला या, अमावास्येला या, दुपारचं जेवण इथेच करा, घोट्याच्या पुढे जाऊ नका, याची ओढ लई. आवाज तोच, लूमचा. इथे कुणी श्श केलं नाही.

पाणी परत फिरल्यावर काकू तिच्याजवळ येऊन बसली. आता तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "बाई, खरं सांग. येतेस का नाही?"

मी डबे आवरत होते. हात थांबले.

"दिवाईले येसू," माय म्हणाली. दिवाळीला येईन. "पाव्हनी म्हनीसन. चार दिवस ठेवशील ना?"

काकूने पदरावरच्या सुरूच्या काड्या झटकल्या. मग म्हणाली, "ठेवीन. पण तुला तिकडं दाखवायला माझ्याकडं काय आहे?"

"मला सगळं माहीत आहे तिकडचं," माय म्हणाली. "तू नुसता चहा पाज."

मी दिनेशला गाडी काढायला सांगितलं. गाव सोडलं तेव्हा आप्पा-माय सुरतेत फक्त कामाला आले होते, आणि आलेल्या माणसाला दाखवायला आमच्याकडे दुसऱ्यांच्या दुकानातलं कापड तेवढं होतं. आता गावाहून फोन येतात ते मला नाही, मायला येतात. कुठल्या तिथीला निघू, किती जण येऊ, मुलांना आणू का. ती कॅलेंडरसमोर उभी राहून उत्तरं देते. मी पदवीधर बाई, पलसाण्याच्या लॅबमधून संध्याकाळी घरी येते तेव्हा खोलीत अनोळखी चपला असतात आणि आतून मायचा आवाज जिन्यापर्यंत येत असतो, "आधी हातपाय धुवा. सुरत मी दाखवते तुम्हाला."